चढणीचे मासे आणि आप्पांची सही

पावसाळ्यात मी मासे खात नाही, आणि श्रावणाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणींना हे पटत नाही. श्रावण लागायच्या आत सगळ्यांना खाऊन घ्यायचं असतं, मधल्या सुट्टीत डबे उघडले की तळलेल्या तुकड्यांचा वास खोलीभर पसरतो, आणि मी आपली मेथीची भाजी चिवडत बसलेली असते. "तुमचा श्रावण जरा लवकरच लागतो हो," असं एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी हसायचं, हे दरवर्षीचं ठरलेलं आहे. मीही हसते. खरं कारण सांगायला मधली सुट्टी पुरणार नाही.

परवा खडेबाजारात छत्रीची काडी बसवून घ्यायला गेले होते. येताना कोपऱ्यावर एक बाई बुट्टी पुढ्यात घेऊन बसली होती. वर ओलं पोतं, खाली पितळी खवल्यांचे चार-पाच मासे. "गाबोळीचा हाय बघा आक्का, नदीचा हाय, तळ्यातला न्हवं," म्हणत तिनं एका माशाच्या पोटावर अंगठा दाबून दाखवला. पोट अंड्यांनी टच्च भरलेलं होतं. गिऱ्हाइकाला दाखवायची ती रीतच आहे, तिचं काही चुकलं नाही. पण मला तिथं उभं राहवेना. घरी येईपर्यंत बेळगावचा पाऊस अंगावर पडत होता आणि मनात मात्र निपाणीकडचा, वेदगंगेवरचा, तो एकच पावसाळा सुरू झाला होता.

आमचं गाव नदीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवतात आणि उन्हाळाभर गप्प बसलेली नदी मोकळी होते. पाणी आधी चहाच्या रंगाचं, मग तांबडं, मग भाताच्या पेजेसारखं दाट होत जातं. त्या पाण्याला वास असतो. ओली माती, उसाचा पाचोळा, कुजलेलं गवत आणि त्याच्याखाली कुठंतरी माशांचा हिरवा, थंड वास. याच दिवसांत मासे उलटे निघतात. खालच्या डोहातून वर, प्रवाहाच्या तोंडावर, उथळ ओढ्यांच्या दिशेनं, अंडी घालायला. आमच्याकडं त्यांना चढणीचे मासे म्हणतात. माशाला धरायला याच्याइतके सोपे दिवस नाहीत. पोट जड, पाणी उथळ, आणि त्याचं सगळं लक्ष पुढं. मागं जाळं घेऊन कोण उभं आहे, ते त्याला दिसतच नाही.

म्हणून या दिवसांत नदीत जाळं टाकायला सरकारची बंदी असते. आणि म्हणूनच बहुतेक जण याच दिवसांत जाळं टाकतात.

माझे वडील, आप्पा, हे त्यांच्यातलेच एक. तरुणपणी त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं लावून इतके चढणीचे मासे मारले होते, की आजीला ते वाळत घालायला दोरी पुरायची नाही. हे ते स्वतःच सांगायचे, लपवायचे नाहीत. मग एका वर्षी खडस, म्हणजे तो पितळी खवल्यांचा मोठा मासा, बंधाऱ्याखाली दिसलाच नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. आप्पा रोज जाऊन बसायचे आणि परत यायचे. "आपुनच खाल्लं की गं सगळं," असं एकदा आईला म्हणाले, आणि जाळं खुंटीवरून काढून कापून त्यांनी तंबाखूच्या तरव्यावर, कोवळ्या रोपांवर, पाखरं बसू नयेत म्हणून पसरलं. पुढं कैक वर्षांनी खडस परत दिसायला लागला, तेव्हा घरात सोयरिक जमल्यासारखा आनंद झाला होता.

ज्या पावसाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या वर्षी मासे राखण्याच्या खात्याला नदीवर हंगामापुरता एक राखणदार हवा होता. नवे साहेब आले होते. ते खालच्या कन्नड मुलखातले, लांबच्या जिल्ह्यातले, उंच आणि हसरे. गावात त्यांनी विचारलं, नदीतला मासा कुणाला सगळ्यात जास्त कळतो? सगळ्यांनी आप्पांकडं बोट दाखवलं. अशा रीतीनं गावातला सगळ्यात सराईत मासेमार मासे राखायला बसला. त्यांना खाकी रेनकोट मिळाला आणि एक शिट्टी मिळाली. ती शिट्टी आप्पांनी घरात एकदाच वाजवून दाखवली आणि म्हैस दावं तोडून पळाली. त्यानंतर आईनं घरात शिट्टीला बंदी घातली.

त्या दिवसांत मी घरीच होते. शिक्षिकेच्या जागेसाठीची परीक्षा पास झाले होते, कागदपत्रं चिकोडीच्या कार्यालयात पडून होती, आणि बोलावणं आज येईल, उद्या येईल, म्हणून मी वाट बघत होते. आप्पा उजाडताना नदीवर जायचे. थोड्या वेळानं मी भाकरी घेऊन जायची. बंधाऱ्याच्या दगडावर आम्ही दोघं बसायचो. पाणी कोसळत असायचं, तुषार भाकरीवर उडायचे. "थांब, आता बघ," आप्पा म्हणायचे, आणि मला काही दिसायच्या आत त्या पांढऱ्या फेसातून एक खडस उसळी मारायचा, दगडावर आपटायचा आणि खाली पडायचा. परत उसळी, परत खाली. आप्पांचा घास हातातच राहायचा. "चड की गं बाई, चड," असं ते पुटपुटायचे. एखादी वर गेली की मगच घास तोंडात जायचा. पोट भरलेली ती मादी वर गेली म्हणून माझ्या वडिलांचे डोळे ओले व्हायचे, आणि ते पावसानं झालेत असं आम्ही दोघंही धरून चालायचो.

इथं आमच्याकडची एक गंमत सांगायला हवी, म्हणजे बाहेरच्या माणसाला पुढचं कळेल. आमच्या भागात सगळ्यांना कन्नड बोलता येतं. बाजारात, बसमध्ये, दवाखान्यात, भांडणात, सोयरिकीत, सगळीकडं. आप्पा तर साहेबांशी कन्नडमध्ये अशा काही गप्पा मारायचे, की साहेब मांडीवर थाप मारून हसायचे. पण आप्पांच्या पिढीची शाळा मराठी. कन्नड कानात आणि जिभेवर, डोळ्यांत नाही. एखाद्या माणसाशी तासभर बोलायचं आणि त्यानं लिहिलेलं एक अक्षर कळू नये, असं आयुष्य आमच्याकडं हजारो माणसांनी विनातक्रार काढलं आहे. सरकारी कागद आला की वाचणारा शोधायचा. आमच्या घरी वाचणारी मी होते. शाळेत मी कन्नड मन लावून शिकले होते, आणि त्याचा आप्पांना केवढा अभिमान! बसच्या कंडक्टरला, दूधवाल्याला, ओळख ना पाळख अशा माणसाला ते सांगायचे, "आमची पोरगी कन्नडात पयली आलती बरं का. कन्नडवाल्यांस्नी मागं टाकून." मला लाजेनं कुठं तोंड लपवू असं व्हायचं.

एका सकाळी आप्पांनी दोन माणसं पकडली. शेजारच्या गावची, चांगली ओळखीची. बंधाऱ्याखाली आडवं जाळं, आणि काठावर दोन पोती खडस, सगळे गाबोळीचे. आप्पांनी शिट्टी वाजवली, फोन केला, साहेब जीप घेऊन आले. तिथंच पंचनामा झाला. साहेबांनी कन्नडमध्ये लिहिला आणि कागद पुढं केला. "इल्लि सही माडि, आप्पा," इथं सही करा. आप्पांनी केली. आमच्याकडची सही म्हणजे काय, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, खाली गाव, सगळं सावकाश मराठीत. एक प्रत पंचायतीत द्यायची म्हणून त्यांच्याच हाती दिली होती. ती घेऊन ते आधी घरी आले. रेनकोटातून पाणी निथळत होतं, पण कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला.

"वाच बगू," ते म्हणाले. "सरकारनं पयल्यांदा सही मागितली माजी. काय लिवलंय बगू दे."

मी वाचलं. मनातल्या मनात, सबंध. नदीत एक बेवारस जाळं सापडलं, असं लिहिलं होतं. जवळ कुणी नव्हतं. मासे मिळाले नाहीत. खाली आप्पांची ठळक सही.

मी मान वर केली. आप्पा पायरीवर बसले होते, आईनं दिलेल्या गरम पाण्यात पाय सोडून, आणि लहान मूल गोष्ट ऐकायला बसतं तसे माझ्याकडं बघत होते. "दोघांची नावं हाईत न्हवं?" त्यांनी विचारलं. "आन् पोती?"

"आहेत," मी म्हणाले. "सगळं नीट लिहिलंय, आप्पा."

का म्हणाले? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले, की आप्पांचा आनंद मोडवेना म्हणून. ते खोटं नाही. ते तसेच उठून साहेबांच्या अंगावर गेले असते, आणि ती शिट्टी, तो रेनकोट, ताठ झालेली ती मान सगळं एका दिवसात गेलं असतं. पण खरं कारण दुसरं होतं. माझे कागद चिकोडीत होते. सरकारी माणसाशी वैर धरलं आणि त्याची झळ माझ्या नोकरीला लागली तर? साहेबांचं खातं वेगळं, माझं वेगळं, हे मला कळत होतं. तरी भीती वाटली. वडिलांच्या सहीपेक्षा मला माझं बोलावणं मोठं वाटलं.

आप्पा खुशीत पंचायतीत गेले आणि कागद देऊन आले.

त्या पोत्यांतल्या माशांचं काय झालं असेल, याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार करायची. साहेब दुष्ट नव्हते. येताना आईसाठी उदबत्तीचा पुडा आणायचे, माझ्या नोकरीची चौकशी करायचे, पाटावर बसून आमच्याकडची आमटी ओरपून खायचे. एवढ्या गोड माणसाच्या जीपमधून पोटं भरलेल्या माशांची ती पोती गेली, याची सांगड मला घालता येत नव्हती. अजून येत नाही. एवढी उसळी मारून बंधारा चढून जायचं बळ ज्यांच्यात होतं, ते राखणदाराच्या मालकाच्या कढईत गेले. चोरानं नेलं असतं तर निदान आप्पांनी शिट्टी तरी वाजवली असती.

आठेक दिवसांनी त्या दोघांपैकी एकजण बंधाऱ्यावर आला. आम्ही भाकरी खात होतो. तो हसत म्हणाला, "आप्पा, कशाला उगं भिजतायसा? आमचं नावच न्हाय की कागदात. मासं तर लिवलंच न्हाईत." आणि गेला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. पाण्याकडं बघत राहिले. एक खडस उसळला, पडला, उसळला, आणि त्या दिवशी आप्पा काही पुटपुटले नाहीत. मी भाकरीचा तुकडा मोडत बसले. आता सांगावं, आता सांगावं, असं करता करता फडकं गुंडाळून घरी आले.

पुढचे दिवस मला फार वाईट गेले. आप्पा रागावले असते, तर बरं झालं असतं. ते माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलायला लागले. निपाणीला गेले की माझ्यासाठी भजी आणायचे. बोलावणं आलं का, म्हणून आईला हळूच विचारायचे. एकदा जेवताना म्हणाले, "लई ताण घिऊ नगंस गं. नोकरी काय, हुतीया." त्यांना सगळं कळलं होतं. मी का खोटं वाचलं तेही कळलं होतं, आणि त्यांनी मला माफ करून टाकलं होतं, मी मागायच्या आधीच.

मग पुन्हा एकदा शिट्टी वाजली. पुन्हा तीच माणसं, पुन्हा दोन पोती, पुन्हा जीप. आप्पा घरी आले, पाय धुतले, जेवले. पंचायतीत द्यायची प्रत त्यांनी परस्पर देऊन टाकली होती. मला काही वाचायला सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पावसाचा जोर ओसरत आला, तेव्हा बेळगावहून चौकशीला एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी. ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या. आप्पा समोर, भिंतीला टेकून. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच दारात उभी राहिले. बाईंनी पिशवीतून दोन कागद काढले आणि मराठीतच विचारलं, "या दोन्हीवर सही तुमची?"

"व्हय, बाई."

"आणि या दुसऱ्या कागदावर सहीच्या वर या दोन ओळी आहेत. त्या कुणी लिहिल्या?"

"तेबी माजंच अक्षर हाय."

बाईंनी त्या ओळी मोठ्यानं वाचल्या. 'दोन पोती मासं जीपमधनं गेलं. धरल्याली माणसं मी वळखतो. हे मी बगितलंय.' खाली नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. चहाचा ट्रे अजून माझ्या हातातच होता. आप्पांची सही नेहमीच लांबलचक, साहेबांना मराठी अक्षर लागत नव्हतं, त्यामुळं चार ओळींची सही बघून त्यांना काही वेगळं वाटलंच नाही. आप्पांनी जसा न वाचता त्यांचा कागद घेतला होता, तशीच त्यांनी न वाचता आप्पांची सही घेतली. कागद वरच्या कार्यालयात गेला आणि तिथल्या कुठल्यातरी मराठी शिकलेल्या कारकुनाच्या नजरेला पडला.

"मग पहिल्या कागदावर असं का नाही लिहिलंत?" बाईंनी विचारलं. "तिथं मासे नाहीत, माणसं नाहीत, आणि खाली तुमची सही आहे. म्हणजे तुम्हीही त्यात सामील होता, असं कुणी म्हणालं तर?"

"त्या टायमाला काय लिवलंय ते ठावं न्हवतं."

"कुणाकडून वाचून घेतला नाहीत?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "कुणाला दाखीवलाच न्हाय."

चहाच्या कपावर साय धरत होती. मला अजून आठवतं, मी त्या सायीकडं बघत बोलले. "दाखवला होता, बाई. मला दाखवला होता. मीच वाचला, आणि सगळं नीट आहे म्हणून सांगितलं."

बाईंनी चष्म्यातून माझ्याकडं बघितलं. पेन उचललं. आणि आप्पा घाईघाईनं पुढं सरकले. "ऱ्हाऊ द्या, बाई. तिचं काय धरू नगा. तिला कन्नड तेवडं येत न्हाय. अक्षराला अक्षर लावून वाचती. त्यात सरकारी कागद, तिला काय कळतंय? चुकलं आसंल वाचाय."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ते ऐकलं. कंडक्टरला आणि दूधवाल्याला सांगून सांगून ज्या अभिमानाचा मला कंटाळा आला होता, तो त्यांनी एका परक्या बाईसमोर, माझ्यासाठी, एका दमात मोडून टाकला. बाईंची नजर आप्पांच्या डोक्यावरच्या भिंतीवर गेली. तिथं, आप्पांनीच निपाणीहून काच बसवून आणलेलं, कन्नड निबंधाच्या तालुक्यातल्या पहिल्या नंबराचं माझं प्रशस्तिपत्र टांगलेलं होतं. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग खाली बघून त्यांनी आप्पा जे म्हणाले तेच लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी आप्पांजवळ बसले आणि रडले. लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "च्या गार झाला बग. बाई बिनच्याची गेली."

साहेबांची बदली झाली. त्याच्यापुढं त्यांचं काय झालं, मला ठाऊक नाही. त्या दोघांवर काही दिवस कोर्टाच्या फेऱ्या आल्या. माझं बोलावणंही आलं, बेळगावच्या शाळेचं, आणि आप्पांच्या त्या दोन ओळींनी माझं काडीचंही नुकसान झालं नाही. मी ज्याला भ्यायले ते मुळात नव्हतंच.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी सुट्टीला घरी गेले होते. आप्पांनी रेनकोट झटकून वाळत घातला होता. दुपारी पोस्टमननं खात्याचं पत्र आणून दिलं. कन्नडमध्ये, टाइप केलेलं. आप्पा ते हातात घेऊन बाहेर गेले असते, तर गल्लीत वाचणारे चौघे भेटले असते. ते माझ्यासमोर आले आणि पत्र माझ्या हातात दिलं.

"वाच."

मी मनात वाचलं नाही. थेट मोठ्यानं वाचलं, एकेक वाक्य आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत. मागच्या हंगामातल्या पहिल्या पंचनाम्यात राखणदारानं निष्काळजीपणा केल्याचं दिसून आलं आहे. कागद समजून न घेता सही केली. सबब या हंगामात आपल्या सेवेची आवश्यकता नाही. रेनकोट आणि शिट्टी कार्यालयात जमा करावी. मी कुठलाही शब्द गाळला नाही आणि कुठलाही मऊ केला नाही.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरोबर वाचलीस," ते म्हणाले.

मग आईची छत्री घेतली आणि नदीकडं चालू लागले.